विहिरीपर्यंतची दोरी

माझ्या बापाइतका शिस्तीचा माणूस मी पाहिला नाही, आणि त्या शिस्तीचा आला तेवढा राग मला आयुष्यात दुसऱ्या कशाचा आला नाही.

बाबा मालवणच्या एका कचेरीत अकाउंटंट होते. एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास निवृत्त झाले, पण घरी बसतील तर शपथ! कुणाचा रेशनकार्डाचा अर्ज भर, कुणाला दवाखान्यात ने, वाचनालयातल्या फाटक्या पुस्तकांना कव्हरं घाल, सगळं फुकट आणि हौसेनं. दर जानेवारीत गावच्या शाळेत मोतीबिंदूचं शिबिर भरायचं, ते तर त्यांचा जीव की प्राण. डॉक्टर मुंबईहून यायचे, चाळीस जणांची ऑपरेशनं व्हायची. यादी बाबा करायचे. देवळातल्या समाराधनेला वाढणारे शेवटच्या पंगतीला बसतात ना, तसा त्यांचा नियम होता: घरचं माणूस यादीत शेवटी. यासाठी अख्खा गाव त्यांना मानायचा. मी कुडाळच्या शाळेत शिकवायचे, तिथं मुलांना हे कौतुकानं सांगायचे. मूर्ख मी!

घरातही ते काही कमी पडत नव्हते. रोज जेवणं झाली की आईला अख्खा पेपर वाचून दाखवत, जाहिरातींसकट. संध्याकाळी तिला केसांत माळायला अबोलीचा वळेसर आणत. "असो घोव मेळूक नशीब लागता," शेजारणी म्हणायच्या.

त्या वर्षी शिबिराच्या आठ दिवस आधी मी न कळवता घरी आले. सकाळचे अकरा वाजले असतील, लख्ख ऊन होतं. आई मागल्या दारी उभी होती. मी हसत तिच्यासमोर जाऊन उभी राहिले, चार हातांवर. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "कोण तां?"

मला वाटलं, थट्टा करतेय. "आई, मी गं!"

"अगो बाय माझे, तू काय!" तिचा चेहरा फुलला. तिनं मला जवळ घ्यायला हात पुढे केला, तो माझ्या खांद्याच्या बाजूनं नुसता हवेत गेला.

मागल्या दारापासून विहिरीपर्यंत काथ्याची एक दोरी बांधलेली होती. मी ती कपडे वाळत घालायची समजत आले होते, कारण बाबांचा पंचा रोज तिच्यावरच असायचा. आईनं चाचपून तो पंचा बाजूला सारला, दोरी मुठीत धरली आणि कळशी घेऊन चालू लागली. पायरी होती तिथं दोरीला एक गाठ होती, विहिरीच्या कट्ट्यापाशी दुसरी.

"आई, तुला दिसत नाही?"

"हळू बोल गो. माणसाची नुसती सावळी दिसता तितकीच."

"कधीपासून?"

"तीन वरसां झाली. बापाशीक सांगा नको. तेंका गावची माणसां बघूची आसत. माझां काय, मी घरातच."

मी तणतणत ओटीवर गेले. बाबा शिबिराचीच यादी करत बसले होते. चाळिसाव्या नंबरवर आईचं नाव होतं.

"हे काय?"

"अगं, मागे एकदा म्हणाली होती, जरा धूसर दिसतं म्हणून. दरवर्षी घालतो तिचं नाव. पण ऐनवेळी कुणीतरी गरजू येतो, मग तिला पुढच्या वर्षावर टाकतो."

कपाटातून मी जुन्या याद्या काढल्या. तिन्ही वर्षं शेवटी आईचं नाव, आणि तिन्ही वर्षं ते लाल पेन्सिलीनं, पट्टी लावून खोडलेलं.

"बाबा, ती आंधळी झालीय!" मी किंचाळले. "तुम्ही पंचा टाकता ना, ती दोरी धरून ती विहिरीवर जाते!"

बाबा आधी हसले. मग उठून मागल्या दारी गेले, दोरी हातात घेऊन तिच्या गाठी चाचपल्या. परत येऊन यादीसमोर बसले. "मी तर रोज पेपर वाचून दाखवतो तिला," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. त्याच दुपारी त्यांनी नवी यादी केली आणि आईचं नाव पहिल्या नंबरला लिहिलं.

शिबिराच्या दिवशी तिचा हात धरून ते सगळ्यांच्या पुढे उभे राहिले. गाव बघत राहिला. डॉक्टरांनी बराच वेळ तिच्या डोळ्यांत बॅटरी धरली.

"हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. गेलेली नजर ऑपरेशननं परत यायची नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी आणलं असतं तर राखता आली असती."

बाबा टेबलाला धरून उभे होते. आईच पहिल्यांदा बोलली.

"ओ, मगे माझ्या लंबरार दुसऱ्या कोणाक तरी घेवा. भायर एक म्हातारी केवापासून इचारता आसा."

बाबांनी खिशातून लाल पेन्सिल काढली. यादी सरळ केली, पट्टी लावली आणि तसेच थांबले. ती म्हातारी काठी टेकत दाराशी येऊन उभी राहिली.

"खोडा ओ," आई म्हणाली.

बाबांचा हात हलेना. शेवटी मी त्यांच्या बोटांतून पेन्सिल सोडवून घेतली आणि आईचं नाव खोडलं.