चार शेगड्यांचं बिऱ्हाड

भाच्या जमल्या की म्हणतात, "मावशी, तुमच्या शाळेतले किस्से सांगा ना!" शाळेत कसले आलेत किस्से? बाराखडी, पाढे आणि पट्टी. माझे किस्से साचले ते शाळा सुटल्यावर, आणि तेही स्वयंपाकघरात. गंमत म्हणजे त्या वेळचे चेहरे आता पुसट झालेत, पण वास एकूणएक आठवतात!

तेव्हा अलिबागला मुलींच्या शाळेत मी नवीन लागले होते. नोकरी मिळाली, पण जागा मिळेना. घरात पुरुष नसलेल्या बायकांना बिऱ्हाड देणार कोण? शेवटी वल्लभशेटनी आपल्या किराणा दुकानावरची माडी दिली. तीही एकटीला नाही, चौघींना मिळून. स्वयंपाकघर एकच, शेगड्या चार.

पहिली शेगडी आमच्या हेडबाईंची. बर्वेबाई. लहानपणी विधवा झालेल्या, पुण्याला शिकून आलेल्या. कांदा-लसूण वर्ज्य, आणि नाक असं की जिन्यावरूनच सांगत, "कोणीतरी फोडणीत पाकळी टाकलीय!"

दुसरी ताराची. तारा जगताप घाटावरची, वाईकडची. नवऱ्याने दुसरी केली तेव्हा ही शिवण शिकली आणि आमच्या शाळेत शिवणबाई झाली. लसूण आणि तिखट यांच्याशिवाय तिचा घास उतरत नसे.

तिसरी हन्नाबाईंची. त्या सरकारी दवाखान्यात नर्स. घर नागावला, घरचा तेलाचा घाणा. शनिवारी घाणा बंद म्हणून गावात त्या ज्यू लोकांना शनवारतेली म्हणत. बोलणं आमच्यासारखंच मराठी, पण शनिवारी शेगडी पेटवायची नाही म्हणजे नाही.

चौथी माझी. मी मनू कर्णिक, मुरूडकडची. आमच्यात मासे म्हणजे भाजीच!

बर्वेबाईंनी आपल्या शेगडीपुढे एक पाट उभा करून ठेवला होता. पाटाच्या आड त्यांचं सोवळं. पण वासाला पाट कुठला अडवतोय!

*

पहिल्याच महिन्यात भांडणं व्हायला लागली. बर्वेबाई पडल्या हेडबाई. त्यांनी कागद घेतला, पट्टीने रेघा मारल्या आणि टाइमटेबल केलं. सोमवार, लसूण. बुधवार, ओली मासळी, साडेपाच ते साडेसहा. शुक्रवार, सुकी मासळी, खिडक्या उघड्या ठेवून. शनिवार, हन्नाबाईंची शेगडी बंद. एकादशी, सर्व बंद!

पुढे डेप्युटीसाहेब शाळेच्या तपासणीला आले. रजिस्टरं झाली, हजेरी झाली. "टाइमटेबल पाहू," म्हणाले. बाईंनी कागद पुढे केला. साहेब बराच वेळ वाचत राहिले.

"बर्वेबाई, हे बुधवारी ओली मासळी... प्रात्यक्षिक असतं?"

मी दारात उभी होते. तो तर आमच्या स्वयंपाकघराचा कागद! बाईंच्याही हे लक्षात आलं, चेहरा पांढराफटक पडला. पण खोटं बोलायची सवय नाही. म्हणाल्या, "होय साहेब. प्रात्यक्षिकच असतं. फार सोसावं लागतं."

साहेब खूश! जाताना शेरा लिहून गेले : 'विषय स्थानिक गरजेस धरून आहे. मात्र एकादशीची सुटी अनावश्यक.'

*

वल्लभशेट जुने गुजराती व्यापारी, कंठी घालणारे वैष्णव. जागा देताना त्यांनी "मच्छीनं जरा सांभाळून" एवढंच सांगितलं होतं. एका बुधवारी ते धापा टाकत जिना चढून आले.

"बेन, मारी साकर गंधाय छे! गिऱ्हाईक पुडी उघडते ने नाक धरते. महिनाअखेर जागा खाली करा."

आता चौघींनी जायचं कुठे? बर्वेबाई स्वतः खाली गेल्या, शेटना हात जोडले, आणि वर येऊन आम्हाला म्हणाल्या, "आजपासून मासळी बंद." मी आणि हन्नाबाई बटाटे चिरायला बसलो. दोन बुधवार बटाट्याच्या काचऱ्यांवर काढले.

तिसऱ्या बुधवारी शेट पुन्हा वर. आम्हाला वाटलं, झालं, आता ट्रंका बांधा! शेट दारातच घुटमळले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"बेन, आजे मच्छी केम नथी?"

बाई म्हणाल्या, "तुम्हीच नको म्हणालात ना?"

"अरे, पण तमारी मच्छीनो वास घेऊन तो बोका यायचा! आता येत नाय. उंदरांनी गुळाच्या दोन ढेपा फोडल्या!"

त्या संध्याकाळी आमच्या टाइमटेबलात बुधवार परत आला. आणि बाईंनी खाली बारीक अक्षरात भर घातली, 'काटे टाकून देऊ नयेत. बोक्यासाठी ठेवावेत.'

*

माझी आई मुरूडहून सोड्यांचा डबा पाठवी. सोडे म्हणजे सोललेली सुकी कोळंबी. डबा उघडला की वास पार दिवाणखान्यापर्यंत. बर्वेबाई पदर नाकाला लावणार हे ठरलेलंच. पण पाहते तर हन्नाबाईंचाही पदर नाकाला!

"हन्नाबाई, तुम्ही तर मासे खाता!"

"मासे खाते. हा मासा आहे होय? ज्याला खवलं नाही, पर नाही, ते आमच्या धर्मात चालत नाही."

बर्वेबाईंचा चेहरा उजळला. "पाहिलंस मनू? शास्त्र सगळीकडे सारखंच!" त्या दिवसापासून त्या दोघींची जी गट्टी जमली, ती माझ्या सोड्यांवर!

तारा तटस्थ. मी एकटी पडले. डबा स्वयंपाकघरातून हद्दपार झाला, तो माझ्या ट्रंकेत लुगड्यांखाली गेला.

वर्गात थळची एक कोळ्याची मुलगी होती, पारू. अलिबागच्या बाजारात मासळी विकणाऱ्या मावशीकडे राहायची. शाळेत नाव घातल्यापासून तिने तोंड उघडलं नव्हतं. कोपऱ्यात बसायची, खाली बघायची. मुली म्हणायच्या, "बाई, ही मुकी आहे." मलाही हळूहळू तसंच वाटायला लागलं होतं.

एका सकाळी मी पाटी बघायला तिच्याजवळ वाकले. तिने मान वर केली, माझ्या पदराचा वास घेतला आणि चांगलं खणखणीत म्हणाली, "बाय, तुमचे लुगऱ्याला आमचे घरचा वास येतो!"

सगळा वर्ग हसला. मग तीही हसली. दुपारपर्यंत तिने पहिलं पुस्तक अर्धं वाचून दाखवलं. तिला सगळं येत होतं हो! फक्त बोलावं असं कोणी भेटलं नव्हतं.

घरी येऊन मी हे बाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. जेवणं झाल्यावर नाकाला पदर लावूनच माझ्या खोलीत डोकावल्या.

"मनू, वार्षिक परीक्षा होईपर्यंत ते सोडे ट्रंकेतच असू देत हो!"

*

आता बाईंच्या शेगडीचंही सांगायला हवं. "सात्त्विक अन्नाला वास नसतो, दरवळ असतो," असं त्या म्हणायच्या. चातुर्मासात मुळा खायचा नाही हा नियम त्या कडक पाळत. आणि चातुर्मास सरला की सगळी कसर भरून काढत!

एकदा हन्नाबाई ड्यूटीवरून दमून आल्या. अर्ध्या जिन्यातच थांबल्या आणि तिथूनच ओरडल्या, "मनू, पाणी उकळत ठेव! कोणाचं ड्रेसिंग सुटलंय वाटतं!"

वरून बर्वेबाईंचा शांत आवाज आला, "मुळ्याची भाजी आहे. तुमच्यासाठी काढून ठेवलीय."

*

मला बघायला पालीहून मंडळी आली होती. माझ्या दादाने परस्पर ठरवलेलं. आदल्या दिवशी निरोप आला. मी बाईंना सांगितलं, हन्नाबाईंना सांगितलं, आणि ताराला सांगायचं राहिलं.

दिवाणखान्यात सतरंजी घातलेली. मुलगा, मुलाची आई, मामा आणि दादा. मी पोह्यांच्या बशा घेऊन येते तो स्वयंपाकघरातून एक खमंग झोत आला. तारा वर्षाच्या मिरच्या भाजायला बसली होती!

आधी मामा शिंकले. मग मुलगा. मग दादा. मग मी. बर्वेबाई मदतीला आल्या त्या डोळे पुसतच आल्या. हन्नाबाईंच्या गालांवरून धारा. मुलाच्या आईने काहीतरी विचारलं, मला ठसक्याने बोलता येईना. पदरात तोंड खुपसून मी तशीच बसले. आत तारा खोकत होती, ते कोणी उमाळ्याने रडतंय असंच वाटत होतं.

आठ दिवसांनी दादा पत्र घेऊन आला. मुलाच्या आईने लिहिलं होतं, 'मुलगी पसंत आहे. ती सासरी जाणार या नुसत्या कल्पनेने त्या बायका कशा रडत होत्या! अशी माया हल्ली बघायला मिळत नाही.' खाली एक ओळ होती, 'लग्नानंतर नोकरी सोडावी लागेल.'

दादा म्हणाला, "नशीब काढलंस! काय कळवू?"

मी म्हटलं, "कळव, मिरच्या भाजून झाल्या. नोकरी चालू आहे."

*

एका वर्षी बर्वेबाईंना ताप आला. साधा वाटला, पण एकवीस दिवसांचा निघाला. हन्नाबाईंनी दवाखान्यातून रजा घेतली आणि बाईंच्या खाटेशी बसल्या. पाणी, औषध, पेज, सगळं त्यांच्याच हातचं. पाट कधी बाजूला झाला कळलंही नाही. सोवळंओवळं तापाबरोबरच उतरलं.

ताप गेला, पण जाताना बाईंचं नाक घेऊन गेला. वासच येईना! पहिल्या दिवशी त्यांनी आमटीचा भुरका घेतला आणि वाटी खाली ठेवली. "मनू, यात काही घातलं नाहीस का?" दुसऱ्या दिवशी तेच. मग घास घेणंच सोडलं. "तोंडात माती घोळवल्यासारखं होतं गं," म्हणायच्या. आधीच तापाने काडी झालेल्या, त्यात खाणं बंद. डॉक्टर म्हणाले, "परत येईल, किंवा येणारही नाही. पण पोटात काही गेलं नाही, तर मग मी काही सांगू शकत नाही."

आता घरात कोणी कधीही काहीही शिजवावं! कोण अडवणार होतं? एका मंगळवारी मी मुद्दाम बोंबील तळले. कुरकुरीत झाले होते. बाई समोरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. पदर नाकाला गेला नाही, की हाक आली नाही. सगळे बोंबील बोक्याला घातले. ताराने तर लसूण आणणंच बंद केलं. म्हणाली, "कोणी ओरडत नाही, तर फोडणीत मजाच राहिली नाही."

एका रविवारी सकाळी हन्नाबाईंनी आम्हा दोघींना गोळा केलं. "आज बघूच. जे जे उग्र असेल ते ते काढा." मी भाताचं पातेलं शेगडीवर ठेवलं होतं, ते तसंच सोडून आम्ही तिघी बाईंच्या खाटेभोवती जमलो. हिंगाचा खडा नाकाशी धरला. काही नाही. लसूण ठेचून धरली. नाही. मी सुकट आणली, हातावर चोळून धरली. हन्नाबाईंनी दवाखान्यातली स्पिरिटची बाटली उघडली. ताराला तर तपकीर कुठून मिळाली होती कोण जाणे!

बाई प्रत्येक वेळी शहाण्या मुलीसारखा श्वास ओढत आणि मान हलवत. शेवटी त्यांचे डोळे भरून आले. "पुरे गं पोरींनो. जाऊ दे. नाक काय, एवढी वर्षं दिलंन देवाने." आणि त्या कुशीवर वळल्या.

आम्ही तिघी खाली बघत उभ्या राहिलो. ताराच्या हातातली तपकिरीची पुडी तशीच. कोणी कोणाकडे बघेना.

थोड्या वेळाने बाईंची पाठ हलली. मान वर उचलली गेली. नाकपुड्या एकदा फुगल्या, दोनदा फुगल्या. आणि वर्गात ओरडत तसा आवाज आला.

"मनू! अगं, भात लागला!"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. तारा रडायलाच लागली. बाई कोपरावर उठून बसल्या, "अगं, उभ्या काय राहिलात तिघी? तळाला करपतोय! उतरवा आधी!"

मी धावणार, तोच हन्नाबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"थांब मनू. जळू दे आणखी थोडा."