डब्यावरचा बाप्या

डॉक्टरीणबाई माझ्या मुलाला खोटारडा ठरवत होत्या आणि मी त्याच्या खाटेच्या पायथ्याशी गप्प उभी होते.

"खरं सांगा, जिममध्ये अंग फुगवायच्या सुया टोचून घेता ना?"

"नाही हो मॅडम. ती प्रोटीनची पावडर घेतो. सकाळी एक माप. डब्यावर लिहिलंय तेवढंच."

"एका मापानं लिव्हरची अशी वाट लागत नाही."

त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. लघवी कोऱ्या चहासारखी. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, तू तरी सांग ह्यांना."

"तो खोटं बोलत नाही," मी म्हटलं. पुढचं वाक्य तोंडातच ठेवलं. दुसरं माप मी घालत होते, भाकरीच्या पिठात.

माझा मुलगा लहानपणापासून बारीक. लग्नाचं बघायला लागलो तेव्हा मुलीच्या मावशीनं आमच्याच घरात, आमचेच पोहे खात सांगितलं, "मुलगा सालस आहे हो, पण अंगानं काहीच नाही." चाळीत ही गोष्ट पसरली. शेजारची मालवणी बाई गॅलरीतून ओरडली, "अगो, खिडकी लाव! वारो उडवून नेतलो तुझ्या झिलाक!" सगळ्या हसल्या. मीही हसले. तो आत कपडे करत होता, त्याला ऐकू गेलं.

त्याच सुमारास लालबागच्या पुलापाशी, आमच्या गॅलरीच्या अगदी समोर, त्या पावडरीची भली मोठी जाहिरात लागली. उघडा माणूस. छातीवर एक केस नाही, सगळं अंग तेल लावल्यासारखं चकचकीत, पोटाला लादीपावासारखे चौकोन. चेहरा हनुवटीपाशी कापलेला. इंग्रजी बरंच होतं, मराठीत एकच ओळ: "पुरुष असा दिसतो." मी चौथी शिकलेय, तेवढं वाचता आलं. एवढ्या मोठ्या अक्षरात छापलंय म्हणजे खरंच असणार, असं मला वाटलं.

मग मी रोज सकाळी मुलाला ते दाखवायला लागले. "तो बघ बाप्या. नाहीतर तू. खिळ्याला अडकवलेला शर्ट."

माझा मुलगा लोअर परळला जाहिरातीच्याच ऑफिसात कामाला. तो म्हणाला, "आई, अशी माणसं नसतात. असल्यांच्या पोटावरचे चौकोन मीच बसून काढतो, कॉम्प्युटरवर."

"मग स्वतःच्या पोटावर काढ."

पुढच्या आठवड्यात तो त्या पावडरीचा डबा घेऊन आला.

त्याचे वडील गिरणीत होते. साचेखात्यात, मागांच्या खोलीत, उकाडा फार, माणसं उघडीच काम करायची. मी जेवणाचा डबा द्यायला जायची तेव्हा सुटीला बाहेर आलेली बघितलीत, एकेकाच्या बरगड्या मोजून घ्याव्यात. नवऱ्याचे दंड माझ्या मनगटाएवढे, पण बिनलिफ्टच्या चाळीत तीन जिने गॅसची टाकी खांद्यावर आणायचा. तो पुरुष नाही, असं कधी कुणी म्हटलं नाही. मीही नाही. हे मला ठाऊक होतं, तरी मी मुलाला बोलत राहिले. ती जाहिरात लावली दुसऱ्यांनी. ती रोज वाचून दाखवली मी.

डबा आल्यावर महिनाभर वाट बघितली. फरक दिसेना. मला वाटलं, एका मापानं काय होतंय? डब्यावर सगळं इंग्रजी. मी चित्र बघितलं, तोच डोकं नसलेला बाप्या. तो कामावर गेला की मी एक माप काढून तांदळाच्या पिठात घालायची आणि गरम पाण्यात मळून रात्रीच्या त्याच्यापुरत्या भाकऱ्या करायची.

"आई, भाकरीला बिस्किटाचा वास येतोय."

"नवा तांदूळ आहे. खा गप."

गणपती गेले तेव्हापासून होळीपर्यंत हे चाललं. डबा लवकर संपला की तो कंपनीला शिव्या देत नवा आणायचा. त्याचे दंड थोडे भरले. मी शेजारणीला बोलावून दाखवले. मग त्याला अन्नाची शिसारी यायला लागली. मी म्हटलं, "नखरे करू नकोस," आणि भाकरी ताटात वाढली.

हॉस्पिटलात दोन दिवस त्याच्या अंगावर सुयांच्या खुणा शोधल्या. सापडल्या नाहीत, तरी कुणाचा विश्वास बसेना. वॉर्डातला एक जण त्याला सांगून गेला, "बोल ना रे, आईसमोर लाजतोस काय?" मी तिथेच स्टुलावर बसलेली. डॉक्टरांची मला भीती नव्हती. मुलगा माझ्याकडे कसा बघेल, ह्याची होती. म्हणून दोन दिवस त्याला खोटारडा ठरू दिलं.

तिसऱ्या दिवशी तो बरळायला लागला. दुपारी जरा शुद्धीत होता, तेव्हा डॉक्टरीणबाई आल्या आणि मी सगळं सांगितलं. त्यांनी डबा मागवला. पुढे तपासला तर आत भलतंच औषध मिसळलेलं निघालं, डब्यावर न लिहिलेलं. ते त्याच्या पोटात रोज दुप्पट जात होतं.

त्या दुपारी त्या एवढंच म्हणाल्या, "आजी, हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?"

मुलगा छताकडे बघत म्हणाला, "एवढा वाईट दिसायचो मी तुला?"

नाही, असं लगेच म्हणायला हवं होतं. मी त्याच्या अंगावरची चादर सारखी केली.

पुढचे आठ दिवस डॉक्टर काही खात्रीनं सांगत नव्हते. सव्वा महिन्यानं त्याला घरी सोडलं. आता तो पूर्वीपेक्षा बारीक आहे, कामावर जातो, माझ्याशी कामापुरतं बोलतो. मी बहात्तर वर्षांची आहे. हे सगळं ज्याच्या जिवावर बेतलं तो माझा मुलगा, वय चौतीस. तो जगला.