बोर्डावरची तीन बोटं

बसवराजनं बजावलं असतानाही मी त्याच्या माघारी मदरबोर्डाचा डबा उघडला आणि बोर्ड वाया घालवला. दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडहून त्याच्या जावयाचा फोन आला, "काका, आमचे मामा लिंगैक्य झाले... झोपेतच." फोन कानाला धरून मी आधी त्या डब्याकडं बघितलं. मित्र गेल्याचं कळल्यावर ज्याला पहिल्यांदा स्वतःची चोरी आठवते, असा मी मित्र.

लातुरात शिकवण्यांच्या गल्लीत बसवराजचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. माझी बायको गेल्यापासून माझी प्रत्येक संध्याकाळ तिथंच जायची. शटर अर्धं ओढून आम्ही दोघं साठीतले गडी जुन्या मशीनवर मोटारींची शर्यत खेळायचो. मी दर वळणाला कठड्यावर. "तुला बैलगाडीचं लायसन बी मिळायचं न्हाई," तो म्हणायचा. मशीन दमायला लागलं तेव्हा नवं, खास गेमिंगचं, दोघांनी मिळून जोडायचं ठरवलं. मदरबोर्ड माझ्या पत्त्यावर येणार होता आणि तो वहिनींना घेऊन लेकीकडं नांदेडला निघाला होता. जाताना म्हणाला, "मी आल्याबिगर हात लावू नको. मिळून खोलू."

डबा आला. दुपारभर मी त्याच्याकडं आणि तो माझ्याकडं बघत बसला. शेवटी हरलो मीच. चंदेरी पिशवीतला बोर्ड, केबली, स्क्रूची पुडी, वायफायचा अँटेना, स्टिकरांचा कागद... सगळं पलंगावर रुखवतासारखं मांडलं. बसवराज दुकानात आलेल्या प्रत्येक नव्या मशीनच्या खोक्यावर विभूतीचे तीन पट्टे ओढायचा. मी म्हटलं, खोकं तर माळ्यावर जाणार. पुण्य माळ्यावर कशाला? बोर्डालाच लावू. फोन केला.

"बसू, विभूती ओली लावतोस का कोरडी?"

"ओली. का रं? डबा खोलला का?"

"न्हाई रे, तुझी शपथ!"

तो "बरं," म्हणाला... हे आमचं शेवटचं बोलणं, आणि त्यातही माझी शपथ खोटी.

बोर्डाच्या मधोमध काळं टोपण होतं. पॅकिंग समजून काढलं. खाली गाभाऱ्यासारखा लखलखीत सोनेरी चौकोन. ओली तीन बोटं मी नेमकी तिथूनच ओढली. प्रोसेसर ज्यांच्यावर बसतो त्या केसाएवढ्या शेकडो पिना वाऱ्यानं ज्वारी लोळावी तशा आडव्या झाल्या. सगळं जिथल्या तिथं भरलं, चिकटपट्टी लावली आणि "कंपनीनंच असा पाठवला" हे वाक्य आरशासमोर पाठ केलं.

ते म्हणायची वेळच आली नाही. महिन्याभरानं वहिनींनी दुकान आवरायला बोलावलं. त्या यायच्या आधी जुनं मशीन सुरू करून एकटाच एक शर्यत खेळलो. पहिला आलो. शेजारची खुर्ची गप्प. असलं जिंकणं मला नको होतं. मला त्याची एक शिवी हवी होती.

वहिनी आल्यावर डबा काउंटरवर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या कुणासमोर कबूल करणार? त्यांनी बोर्ड बाहेर काढला. पांढरे तीन पट्टे वाळून घट्ट बसले होते. त्यांना बोट न लावता त्यांनी बोर्ड अलगद काउंटरवर ठेवला.

"त्यांना ठाऊक होतं, भाऊजी. तुमचा फोन ठेवला अन् लई हसले. जेवताना बी हसून राहिले होते."

"काय... काय म्हणाला?"

"म्हनले, गाढवानं डबा खोललाय. आता मोडल्याबिगर ऱ्हात न्हाई."