जीप भंगारात जाणार न्हाई

जीप सहा महिने आमच्या अंगणात उघडी पडली होती. तिचे नट हरवले, पाने हरवले, किस्सा मात्र एकही हरवला न्हाई. कुंभार पिंपळगावात कुणालाही विचारा, एखादा सांगेलच. पण लोक मीठमसाला लावतात, म्हणून मीच सांगते.

*

जीप माझ्या वडिलांची. जालन्यात मस्तगडला त्यांचं गॅरेज होतं, तिथंच मी पाना धरायला शिकले. ते गेले आणि जीप माझ्याकडं आली. मागून कडकड आवाज यायला लागला तेव्हा मिस्त्री बोलावला. त्यानं वाकून पाह्यलं.

"ताई, मागचा क्राऊन गेला." म्हणजे मागची चाकं फिरवणारं मोठं दातेरी चक्र. "आता भंगारातच घाला."

"मी खोलते," मी म्हणलं.

त्यानं निवांत चहा संपवला आणि विचारलं, "मालक घरी कधी येतात?"

*

मालकांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, पाच महिने कळ काढली. मंग एक दिवस म्हणले, "येत्या गुरुवारी भंगारवाला येऊन राह्यला. मी सांगून आलो."

"माझ्या बापाची एवढीच वस्तू हाय माझ्याकडं. न्हाई देणार."

"बाईमाणसाकडून क्राऊन बसत असतोय का?"

"तुमचा कूलर दोन उन्हाळे ओट्यावर खोलून पडलाय. त्याच्यासाठी बोलावला का कुणी भंगारवाला?"

मला राग आल्ता, आणि खरं सांगते, रडूही आल्तं.

*

मी परातीत रॉकेल घेऊन बेअरिंग धुवत होते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओरडल्या, "भाकरीची परात हाय ती!"

दोन दिवस त्यांनी ताटातच पीठ मळलं. तिसऱ्या दिवशी स्वतःच सूप घेऊन आल्या आणि मोठे नट एकीकडं, बारके एकीकडं करत बसल्या. शेजारणीनं कुंपणावरून विचारलं, "काय निवडून राह्यल्या?"

"सुनेचा हट्ट. खडे लई हायेत त्यात."

*

जुन्या जालन्यातून दुसरा क्राऊन आणला आणि बुधवारी बसवला. गाडी एका झटक्यात सुरू झाली. पहिला गिअर टाकला तर जीप सरळ मागं, कडब्याच्या पेंढ्यांत!

क्राऊन उलट्या बाजूनं बसवला होता मी. आता चार गिअर मागं जायचे आणि एकच पुढं. फोर-व्हील टाकलं तर पुढची चाकं पुढं ओढायची, मागची मागं, आणि गाडी जागच्या जागी थरथरायची.

हे पोट धरून हसले. आत्याबाई त्यांना म्हणल्या, "हसतो काय? तुमच्या दोघांवानीच झाली की."

*

गुरुवारी सकाळी पाऊस पडून गेल्ता. भंगारवाल्याचा टेम्पो फाटकातच काळ्या मातीत रुतला. तो जेवढा रेस करायचा तेवढी चाकं खाली जायची. ट्रॅक्टर आणायला जावं तर सगळे बाजाराला गेल्ते.

मी जीपच्या पुढच्या हुकाला दोर बांधला आणि दुसरं टोक टेम्पोला.

"अगं, ती उलटी जाते," हे म्हणले.

"मला उलटंच जायचंय. सरका बाजूला."

जीप मुरमावर उभी होती, चाकं घसरली न्हाईत. पहिला गिअर टाकून तिला मागं मागं घेतली. टेम्पो चिखलातून निघाला आणि थेट ओट्यापाशी येऊन थांबला.

भंगारवाला उतरला. चपलेचा चिखल झटकला, जीपकडं बघितलं आणि ह्यांना विचारलं, "मालक, भंगार कोणतं उचलायचं?"

ह्यांनी माझ्याकडं पाह्यलं न्हाई.

"ओट्यावरचा कूलर घ्या," म्हणले.