कट्ट्यावरचं निदान

संध्याकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी, दुधाच्या कट्ट्यावर म्हशी आणतात आणि धार थेट पेल्यात पडते. ते फेसाळ दूध उभ्याउभ्या पिणारे आम्ही सगळे जन्मजात डॉक्टर. तालीम सुटून पंधरा वर्षं झाली, पोटंही सुटली, पण दंडाचा माज काही गेला नाही.

शिरोलीच्या एका फाउंड्रीत मी माल तपासतो. गेल्या वर्षी मोठ्या गिऱ्हाईकाकडून माल परत येऊ लागला. तेव्हापासून मालकाचा फोन वाजला की माझी छाती आवळायची, हात गार पडायचे, घशापर्यंत जळजळ यायची. कट्ट्यावर मी सांगितलं फक्त जळजळीचं. आमच्यातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा, शाहूपुरीतला दुकानदार म्हणाला, "ताकद कमी पडलीया तुझी. रोज दोनशे बैठका मार, आन् एका पेल्याचं दोन कर." कुणीतरी टेन्शनचं नाव काढलं, तर तो खेकसला, "टेन्शन ही पुण्याची थेरं! हितं न्हाय चालत."

आणि मी अक्कल गहाण टाकून दोन महिने बैठका मारल्या, दोन-दोन पेले रिचवले. दुखणं वाढलंच. स्वभावाला औषध नसतं म्हणतात, आमच्या बढाईला तर मुळीच नाही.

शेवटी बायकोनं ओढत दवाखान्यात नेलं. कार्डिओग्राम चांगला आला. डॉक्टरांनी विचारलं, "कामावर काही त्रास?"

"छे!" मी छाती काढून म्हणालो.

"सुट्टीदिशी ह्यांचं कायबी दुखत न्हाय, डॉक्टर," बायको म्हणाली. "मालकाचा फोन वाजला की सुरू हुतंय."

मला तिचा इतका राग आला की तिथंच कळलं, ती खरं बोलतेय. डॉक्टर म्हणाले, भीती मनात दाबली की ती छातीत आणि पोटात उतरते. आधी भीतीवर इलाज करू.

संध्याकाळी कट्ट्यावर दुकानदारानं विचारलं, "काय म्हटला डॉक्टर?"

'ॲसिडिटी' हा शब्द जिभेवर तयार होता. पण पेले धरून उभ्या असलेल्या त्या टोणग्यांची, आणि त्यांच्याहून जास्त माझी, मला किळस आली.

"छाती ठणठणीत हाय," मी म्हणालो. "भ्या वाटतंय मला. मालकाला भितोय मी."

सगळे फिदीफिदी हसले. "बाई झालास की!" एक जण ओरडला.

दुकानदार मात्र हसला नाही. पेला रिकामा करून तो माझ्या बाजूला सरकला आणि हळूच म्हणाला, "कुठं बसतोय त्यो डॉक्टर?"