तीनदा पुकारलेलं नाव

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाटूरला मतदार यादीच्या बैठकीत होते. बैठक संपवूनच परतूरला त्यांच्या घरी गेले. दादा म्हणजे माझे मोठे दीर, निवृत्त शिक्षक; राहायला परतूरला, पण मत अजून आमच्या गावातच. त्यांना ते पटलं असतं. मी अंगणवाडी सेविका, आणि यादीचं काम त्यांच्याकडूनच माझ्याकडे आलं.

त्यांच्या टेबलावर बॅनोच्या इतिहासाची वही उघडी होती. बॅनो हे आयर्लंडमधलं बंदर. वाळूखाली गाडलं गेलं, वस्ती उठली, तरी तिथून दोन प्रतिनिधी आयर्लंडच्या संसदेत जातच राहिले. निवडणूक म्हणे एका पडक्या धुराड्याशी व्हायची. ती संसदच मोडली तेव्हा कुठे तो मतदारसंघ संपला. "तिथं माणूस न्हाई, पण मत हाय," दादा म्हणायचे. "आपल्याकडं उलटं झालं. अन् ते मी केलं."

ते खरं होतं. आमचं गाव धरणात गेलं, आम्ही वर माळावर आलो. तिथल्या पहिल्याच चावडीवाचनात, म्हणजे सगळ्यांसमोर यादी वाचताना, धोंडीबा धनगराच्या नावाला कुणी ओ दिली नाही. दादांनी तीनदा पुकारलं आणि 'स्थलांतरित' लिहून नाव कमी केलं. धोंडीबा दरवर्षीसारखा मेंढरं चारायला घेऊन गेला होता. मतदानाच्या दिवशी केंद्रावर येऊन तो हसत म्हणाला, "गुर्जी, मी कवा मेलो? निदान मातीला तरी बोलवायचं!" पुढची यादी निघण्याआधी तो खरंच गेला.

तेव्हापासून उन्हाळ्यात पाणी ओसरलं की दादा जुन्या चावडीच्या ओट्यावर बसून जुनी यादी वाचायचे. एकदा मी सोबत गेले... भर दुपार, भेगाळलेला गाळ, कुठे सावली नाही. प्रत्येक नावानंतर ते थांबायचे. धोंडीबाचं नाव आलं आणि पाण्याच्या बाजूनं मेंढरांच्या घंटा वाजल्या. मी वळून पाहिलं. नजर पोचेल तिथवर एकही मेंढरू नव्हतं. दादांनी यादीवर खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.

मागच्या आठवड्यात माळावर मी यादी वाचली. दादांचा मृत्यूचा दाखला जवळ होता, नाव कमी करण्याचा अर्जही भरलेला होता. तरी पद्धतीप्रमाणे त्यांचं नाव पुकारलं. एकदा. दोनदा... तेवढ्यात धोंडीबाची म्हातारी बायको उठली.

"हायेत की गुर्जी. खाली ओट्यावर बसलेत. सकाळी मेंढरं पाण्यावर नेल्ती, तवा यादी वाचून राह्यले होते."

ओटा अजून पाण्याखाली होता. हे सगळ्यांना माहीत होतं. 

"बाई, तुमचंच नाव घेऊन राह्यले होते," ती म्हणाली. "दोनदा झालं. जल्दी ओ द्या, न्हाईतर मनाला लावून घेतील."

मी आधी अर्जावर सही केली. मग पाण्याकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "हजर."