रोथेनबुर्गची तटबंदी आणि सोळावी सही

आधीच कबूल करते, ही सहल निव्वळ हौसेची नव्हती. माझे सासरे, म्हणजे बाबा, तीन महिन्यांसाठी नाशिकहून आमच्याकडे आयर्लंडला, डब्लिनजवळच्या ल्यूकनला आले होते आणि आम्हाला त्यांची एक सही हवी होती. नाशिकची आमची सोसायटी पाडून तिथे नवी इमारत बांधायचं चाललंय. सोळा फ्लॅट आहेत, पंधरा जणांच्या सह्या झाल्यात, सोळावी बाबांची. वर्षभर ते नुसतं "बघू" म्हणतायत. सेक्रेटरींनी पाठवलेलं संमतिपत्र अनिकेतने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, प्रिंट काढून माझ्या हातात ठेवलं. म्हणाला, "माझं नि बाबांचं यावरून वाजतं. तू फिरायला घेऊन जा त्यांना, आणि मूड बघून विषय काढ." त्याला स्वतःला नेमकी त्याच वीकेंडला ऑन-कॉल ड्यूटी होती. इतकी सोयीची ड्यूटी मी आजवर पाहिली नव्हती.

जायचं कुठे, हे मी ठरवलं. बाबा नगर भूमापन कार्यालयातून निवृत्त झालेत. उभं आयुष्य लोकांच्या जागा मोजण्यात गेलं. जुने दरवाजे, बुरूज, तट असं काही दाखवलं की स्वारी खुश होईल, म्हणून मी जर्मनीतलं रोथेनबुर्ग निवडलं. तिकिटं काढल्यावर अनिकेत म्हणाला, "शेकडो वर्षं कुणी काही न पाडलेलं गाव दाखवून तू त्यांच्याकडून बिल्डिंग पाडायची सही घेणार?" बोलला ते खरं होतं. पण तिकिटांचे पैसे परत मिळणार नव्हते.

आईवडिलांना घेऊन इकडून युरोपात जाणाऱ्यांसाठी कळकळीची सूचना. आयर्लंडचा व्हिसा शेंगेन देशांत चालत नाही. त्यामुळे शेंगेन व्हिसा भारतातूनच काढून आणायला सांगा, आणि आयर्लंडचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा घ्या, नाहीतर पाहुणे जर्मनीला जातील आणि परत येता येणार नाही. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला हे विमानतळावर कळलं होतं. मी आणि माझी अकरा वर्षांची मुलगी इरा, आमचे पासपोर्ट आयरिश. मी माझा गेल्या वर्षी, भारतीय पासपोर्ट सोडून, घेतला. बाबांना ते सांगताना अनिकेतने "प्रवासाची सोय" एवढंच सांगितलं, आणि बाबांनीही पुढे काही विचारलं नाही.

मे महिन्यातल्या बँक हॉलिडेच्या, म्हणजे सोमवारच्या सार्वजनिक सुट्टीच्या, आदल्या शुक्रवारी पहाटे डब्लिनहून निघालो. फ्रँकफर्टहून ट्रेनने व्यूर्झबुर्ग, तिथे गाडी बदलून श्टायनाख, आणि तिथून दोन डब्यांची गाडी पंधरा-वीस मिनिटांत रोथेनबुर्गला सोडते. व्यूर्झबुर्गपासून पुढे आम्ही बव्हेरियाचं दिवसभराचं तिकीट काढलं. ग्रुपला ते फार स्वस्त पडतं, फक्त कामाचा वार असेल तर सकाळी नऊनंतरच चालतं. गाडीत तपासनीस आले तेव्हा इरा म्हणाली, "आजोबा, युअर मॅन वॉन्ट्स द तिकीट्स." बाबांनी तपासनिसांकडे नीट पाहिलं आणि मला विचारलं, "हे आपले कोण?" आयर्लंडमध्ये समोरच्या कुठल्याही माणसाला असं म्हणतात, हे समजावेपर्यंत श्टायनाख आलं.

स्टेशनपासून दहा मिनिटं चाललं की पूर्वेचा दरवाजा लागतो. खंदकावरून आत गेलो आणि मी हरखून गेले. उतरती लाल छपरं, दगडी फरसबंदी, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या, दुकानांवर टांगलेल्या लोखंडी नक्षीच्या पाट्या. दरवाजापासून आमच्या मुक्कामापर्यंत पाच मिनिटांचं अंतर, पण मी चाळीस फोटो काढले. "बघा बाबा, मध्ययुग!" मी म्हणाले. बाबा हाताची घडी घालून एका घराकडे बघत राहिले. नंतर रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पावलं टाकत चालले, परत आले, आणि बॅग उचलून पुढे निघाले. मला वाटलं, प्रवासाने दमले असतील.

मुक्काम तटाच्या आतल्या एका छोट्या पेन्शनमध्ये होता. पेन्शन म्हणजे घरगुती लॉज. मालकीणबाई हेल्गा, पंचाहत्तरीच्या, ताठ कण्याच्या. तटाच्या आत राहायचं असेल तर चौकाजवळचं हॉटेल न घेता पूर्वेच्या बाजूला बघा, बरंच स्वस्त पडतं. रोख पैसे मात्र जवळ ठेवा, कारण आमच्याकडे भाजी घ्यायलासुद्धा चालणारं कार्ड इथल्या बेकरीत चालेलच असं नाही.

शाकाहारी असाल तर "ओने फ्लाइश, ओने श्पेक" हे चार शब्द पाठ करा, म्हणजे मांस नको आणि बेकनही नको. बटाट्याच्या सूपमध्येसुद्धा बेकन लपलेलं असतं. आम्ही तिन्ही रात्री चीजमधल्या जाड शेवया खाल्ल्या, वर तळलेला कांदा. इथला प्रसिद्ध गोड पदार्थ श्नीबाल. पिठाच्या पट्ट्यांचा गोळा तळून वर पिठीसाखर भुरभुरवतात. बाबांनी एक घास घेतला आणि निकाल दिला, "चिरोटा बिघडलाय." तरी सबंध संपवला. मी लगेच दुसरा आणून दिला. मूड सांभाळायचा होता ना.

शनिवारी सकाळी नाश्त्याला हेल्गाबाई ब्रेड, चीज, उकडलेली अंडी आणि घरचा जॅम ठेवून गेल्या. कॉफी ओतायला परत आल्या तेव्हा बाबांनी आपल्या ऑफिसच्या इंग्रजीत विचारलं, "मॅडम, या गल्लीतली घरं माझ्यापेक्षा वयाने लहान आहेत ना?"

मी कपाळाला हात लावला. पण हेल्गाबाईंनी कॉफीची किटली खाली ठेवली आणि खुर्ची ओढून बसल्याच. "तुम्हाला कसं कळलं?"

"खिडक्या फार सरळ रेषेत आहेत. भिंती ओळंब्यात आहेत, जुनी भिंत इतकी शहाणी नसते. पण प्लॉट जुने आहेत. हद्दी हलवलेल्या नाहीत."

हेल्गाबाईंनी तोडक्या इंग्रजीत सांगितलं ते असं. दुसरं महायुद्ध संपत आलेलं असताना गावावर बॉम्ब पडले. पूर्वेकडचा मोठा भाग आणि तटाचा बराचसा हिस्सा गेला. त्यांच्या आईचं घर याच जागेवर होतं, ते जळालं. नंतर जुन्या हद्दींवर, जुन्या उतरत्या छपरांची नक्कल करून सगळं परत बांधलं. म्हणजे माझे चाळीस फोटो बाबांहून तरुण घरांचे होते. मी क्वालिटी इंजिनियर, दिवसभर लोकांच्या चुका काढते, आणि मला हे दिसलं नव्हतं.

"तुमच्या आईंना नवीन घर आवडलं?" मी विचारलं. खरं सांगते, प्रश्न निरागस नव्हता. "हो" असं उत्तर आलं असतं तर मला बॅगेतला कागद काढायला वाट मिळाली असती.

"नाही," हेल्गाबाई म्हणाल्या. "नव्या स्वयंपाकघरात खिडकी दुसऱ्या बाजूला आली. पुढची चाळीस वर्षं आई उजेड बघायला पहिल्यांदा भिंतीकडेच वळायची. रोज."

"सवय झालीच नाही?"

"तिला नाही. पण मी या घरात जन्मले. माझ्यासाठी खिडकी बरोबर जागी होती."

बाबांनी मान हलवली आणि अंडं सोलायला घेतलं. मी कागद बॅगेतच राहू दिला.

त्या दिवशी आम्ही तटावरून चाललो. वर छप्पर असलेली लाकडी-दगडी वाट, तिकीट नाही, पायऱ्या मात्र उंच आणि झिजलेल्या. ज्येष्ठांना नेत असाल तर अर्धाच टप्पा ठरवा. एका बाजूला गावाची छपरं हाताला लागतील इतकी जवळ. आतल्या भिंतीत जागोजागी नावं कोरलेले दगड बसवलेत. पडलेला तट परत उभा करायला जगभरातून ज्यांनी मदत केली, त्यांची ती नावं. बाबा प्रत्येक दगडापाशी थांबून वाचत होते. जपानी नावं खूप होती. "न पाहिलेल्या गावाची भिंत बांधायला लोक मदत करतात," ते म्हणाले, "आणि आमच्याकडे शेजाऱ्याची वीतभर हद्द सरकवायला मध्यरात्री उठतात." दुपारी इरा टाउन हॉलच्या मनोऱ्यावर एकटी चढली. जिना शेवटी शिडीसारखा होतो आणि तिकीट वर पोचल्यावर घेतात. खाली येऊन म्हणाली, "इट वॉज ग्रँड." तिच्या तोंडून याहून मोठी स्तुती निघत नाही.

रविवारी दुकानं बंद होती. आम्ही पश्चिमेच्या किल्ल्याच्या बागेत जाऊन बसलो. इथे किल्ला उरलेला नाही, बाग आहे आणि खाली टाउबर नदीचं हिरवं खोरं. इरा कारंज्याकडे गेली होती. मी बॅगेतून बाबांसाठी केकचा तुकडा काढला.

"आता कागदच काढ," बाबा म्हणाले. "केक खाऊन पोट बिघडेल माझं."

मी केक परत डब्यात ठेवला.

"डब्लिनच्या विमानतळावर तू बॅगेतून पासपोर्ट काढलेस तेव्हा दिसला तो. सेक्रेटरीचं लेटरहेड मी लांबून ओळखतो. तीन दिवस वाट बघतोय, ही कधी विषय काढते."

"अनिकेत म्हणाला म्हणून..." मी पुटपुटले. मग म्हटलं, नवऱ्याच्या नावावर किती खपवायचं. "बाबा, मलाही वाटतं की सही करावी. पंधरा घरं अडकलीत. पावसाळ्यात जिन्यात पाणी येतं. पण तुम्ही का थांबलात, हे आम्ही कुणी विचारलंच नाही."

ते माझ्याकडे वळले. "मुक्ता, आपल्या ओट्यापाशी तुझी पाठ दुखते ना?"

दुखतेच. नाशिकचा तो ओटा इतका खाली आहे की पोळ्या लाटताना मी अर्धी होते. दर दिवाळीला मी म्हणायचे, कुठल्या शहाण्याने हा बांधलाय. सासूबाई नुसत्या हसायच्या. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.

"तो शहाणा मी," बाबा म्हणाले. "ही चार फूट दहा इंच. लग्नानंतर दहा वर्षं भाड्याच्या घरात पाटावर उभी राहून स्वयंपाक करायची. फ्लॅट घेतला तेव्हा हिचं कोपर मोजून गवंड्याकडून ओटा चार इंच खाली घेतला. आयुष्यभर लोकांच्या जागा मोजल्या, हिच्यासाठी ती एकच मोजणी केली. बाकीचा फ्लॅट गेला तरी मला काही नाही."

मला लाज वाटली. किती वर्षं त्या ओट्याला मी नावं ठेवली, आणि सासूबाईंनी एका शब्दाने सांगितलं नाही की तो कुणी, कुणासाठी बांधला. मी बाबांच्या हातावर हात ठेवला. संमतिपत्र काढलं नाही, त्यांनीही परत मागितलं नाही. इरा आली, तिला आइस्क्रीम हवं होतं, आम्ही उठलो.

सोमवारी आलो तसेच परतलो. इकडचे मित्र विचारतात, किती दिवस ठेवावेत? दोन रात्री पुरेत. दिवसा बसमधून आलेली गर्दी संध्याकाळी पाचनंतर निघून जाते आणि खरं गाव तेव्हा भेटतं. आणि पूर्वेच्या दरवाजाने आत शिरलात तर तिथली घरं नकली म्हणून पुढे पळू नका. मला आज सगळ्यात जास्त आठवतात ती तीच घरं, आणि उजेडासाठी भिंतीकडे वळणारी, मी कधी न पाहिलेली एक बाई.

बुधवारी संध्याकाळी ल्यूकनच्या घरी बाबा स्वयंपाकघरात आले आणि अनिकेतला म्हणाले, "पेन दे." संमतिपत्रावर सही केली, तारीख घातली. खाली सभासदांच्या सूचनांसाठी दोन ओळी मोकळ्या होत्या. तोपर्यंत मी अनिकेतला सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, "लिहा ना बाबा. ओटा आईचा होता तेवढ्याच उंचीचा हवा. बिल्डरला मी बघतो."

"नको. तो तिच्या मापाचा होता. आता तिथे उभं कोण राहणार?" बाबा म्हणाले आणि त्यांनी मेजरिंग टेप मागून घेतली. "मुक्ता, इकडे ये. चपला काढ. ताठ उभी राहा, कोपर वाकव."

ते गुडघ्यावर बसले, टेपचं टोक फरशीवर धरलं आणि माझ्या कोपरापर्यंत माप घेतलं. एकदा घेतलं, खात्रीसाठी परत घेतलं. मनात वजाबाकी केली आणि सूचनांच्या ओळीवर आपल्या सरकारी अक्षरात लिहिलं, "ओट्याची उंची छत्तीस इंच."

आम्ही नाशिकला परत जाणार आहोत का, हे त्यांनी विचारलं नाही. अनिकेत माझ्याकडे बघत होता. मी कोपर तसंच वाकवून उभी राहिले.